सहा लाख चाळीस हजार

"शून्य जास्त पडलं असेल एखादं," हेडक्लार्क तिच्या खांद्यावरून संगणकाकडे बघत म्हणाले. "चौसष्ट हजार असतील."

"नाही हो, अक्षरातही लिहिलंय. सहा लाख चाळीस हजार."

"मग हा गृहस्थ जमिनीवर असतो तरी कधी?"

ती हसली. दर सोमवारी विमान कंपनीकडून यादी यायची. सतत विमानाने फिरणाऱ्यांच्या खात्यात प्रत्येक प्रवासामागे काही पॉइंट जमा होतात आणि पुरेसे साठले की त्यावर फुकट तिकीट मिळतं. ज्यांना ते नको असतं ते लोक पॉइंट एखाद्या संस्थेला देऊन टाकतात. इस्पितळाच्या साहाय्य कक्षात असे पॉइंट यायचे. त्यांची तिकिटं काढून ती लांबच्या रुग्णांना, नाहीतर त्यांच्या जवळच्या माणसाला देणं हे तिचं काम. इस्पितळात बावीस वर्षं झाली होती, त्यातली नऊ या टेबलावर. वॉर्डात तिला सगळे तिकीटताई म्हणत. स्वतः ती विमानात एकदाही बसली नव्हती. पण कुठल्या विमानात स्ट्रेचर चढतं आणि कुठल्या विमानाला हमखास उशीर होतो, हे तिला तोंडपाठ होतं.

त्या सोमवारी खात्यात जेमतेम अकराशे पॉइंट शिल्लक होते, आणि चौदा नंबरच्या बेडजवळची बाई शुक्रवारपासून दारात येऊन उभी राहत होती. तिच्या नवऱ्याचं यकृत निकामी झालं होतं. डॉक्टर आता फार तर दोन दिवस म्हणत होते. एकुलता एक मुलगा लांबच्या बंदरात वेल्डर होता. गाड्या बदलत यायचं तर चार दिवस लागणार होते. "पॉइंट आले की सांगते," असं तिकीटताई तिला तीन वेळा म्हणाली होती.

"झालं त्या बाईंचं काम," हेडक्लार्क म्हणाले. "दात्याचं नाव बघा, पत्र जरा नीट लिहू."

तिने संगणकावरची यादी बाजूला सरकवली. नाव वाचलं तेव्हा आधी तिला काहीच वाटलं नाही. मग दिसलं की मधलं नाव तिच्या वडिलांचं आहे आणि आडनाव तिचं माहेरचं. शेवटी 'कुणाच्या स्मरणार्थ' असा रकाना असतो. बहुतेक जण तो कोरा ठेवतात. तिथे तिच्या आईचं नाव होतं, शाळेच्या दाखल्यावर असावं तसं पूर्ण.

माऊसवरचा तिचा हात तिथेच राहिला. मागे हेडक्लार्क काहीतरी बोलत होते ते तिला ऐकू येत होतं, पण शब्द लागत नव्हते.

आई गेली त्याला तीन वर्षं झाली होती. त्याआधी एकोणीस महिने ती अर्धांगाने पडून होती, हिच्याच घरी, पुढच्या खोलीत. पहाटे उठायचं, आईचं अंग पुसायचं, चादर बदलायची, चमच्याचमच्याने भरवायचं, मग कामावर यायचं. दुपारी नवरा बघायचा, कारण त्याची पाळी रात्रीची असायची. दर रविवारी दादाचा फोन. दादा मोठ्या यंत्रांच्या दुरुस्तीला जायचा, इतकंच तिला माहीत होतं. दर रविवारी तो म्हणायचा, "यायचं आहे गं, पण तिकीटच मिळत नाही." कधी रजा नसायची, कधी तिकीट फार महाग असायचं. शेवटच्या आठवड्यात तर तिने रोज फोन केला होता. आईला स्मशानात पोचवून ती घरी आली, तेव्हाही फोनवर त्याने हेच सांगितलं. त्यानंतर तिने फोन केला नाही, आणि त्यानेही नाही.

एकदा, आई असतानाच, तिने याच टेबलाशी उभं राहून हेडक्लार्कना विचारलं होतं, आपल्या खात्यातून माझ्या भावाला एक तिकीट देता येईल का. ते म्हणाले होते, "कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना नाही देता येत. तुम्हीच तर हा नियम सगळ्यांना सांगता." त्यानंतर आठवडाभर लाजेने ती त्यांच्याशी नजर मिळवून बोलली नव्हती.

"हे पॉइंट परत पाठवता येतात?" तिने विचारलं.

"परत? चोरीचे आहेत की काय?"

"माझ्या भावाचे आहेत."

हेडक्लार्क पुढे वाकले आणि त्यांनी नाव वाचलं. चष्मा काढून हातात धरला.

"तुम्ही ज्याच्यासाठी विचारलं होतंत, तो?"

"एकच आहे मला."

खातं केव्हापासूनचं आहे ते यादीत लिहिलेलं होतं. अकरा वर्षं. हिशेब करायला तिला कागद लागला नाही, कामच ते होतं. एवढे पॉइंट साठायचे तर माणूस आठवड्यातून दोनदा विमानात बसायला हवा. म्हणजे आई पडून होती त्या दिवसांतही. एका येण्याजाण्याला फार तर चोवीस हजार लागले असते.

"बारा वाजेपर्यंत स्वीकारले नाहीत तर आपोआप परत जातात," हेडक्लार्क हळू आवाजात म्हणाले. "वेगळं काही करावं लागत नाही, नुसतं बसून राहायचं. तुम्ही ठरवा. मी जरा खाली जाऊन येतो."

ती जिन्यात गेली. दादाचा नंबर तिने पुसला नव्हता. दुसऱ्याच घंटेला त्याने फोन घेतला.

"बोल," तो म्हणाला. जणू कालच बोलणं झालं होतं.

"पॉइंट आलेत."

पलीकडे चाकांच्या बॅगेची घरघर थांबली.

"आई एकोणीस महिने पडून होती, दादा. तू म्हणायचास तिकीट मिळत नाही."

"हो."

"मग हे काय आहे?"

"कंपनी पाठवायची मला, कामासाठी. साठत गेले."

"साठत गेले," ती म्हणाली. "आणि मी इथे तुझ्यासाठी लोकांसमोर हात पसरत होते."

"मी आलो होतो."

"कुठे?"

"तिथे. दोनदा."

ती पायरीवर बसली. खालून सफाईवाली पायऱ्या पुसत वर येत होती. तिने हिच्याकडे बघितलं आणि ती दोन पायऱ्या सोडून पुढे गेली.

"पहिल्यांदा विमानतळाबाहेर टॅक्सीच्या रांगेत उभा होतो," दादा म्हणाला. "नंबर आला तेव्हा मागच्याला म्हटलं, तुम्ही जा. मग त्याच्या मागच्याला. संध्याकाळच्या विमानाने परत गेलो."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आलो होतो. तू गॅलरीत चादर वाळत घालत होतीस."

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. कुठली चादर, कुठला दिवस, ती आठवू लागली. चादर तर ती रोजच वाळत घालत होती. त्यातल्या कुठल्यातरी एका दिवशी नुसतं मान वळवून खाली बघितलं असतं तर दादा दिसला असता.

"हाक मारायची होतीस."

"तू फोनवर सांगायचीस ना, डोळे उघडे असतात पण ओळखत नाही. मला आईला तसं बघवलं नसतं."

"मला बघवत होतं?"

"नाही," तो म्हणाला. "तरी तू बघत होतीस. तेच तर."

त्याच्या मागे कुठलंतरी विमान सुटत असल्याची घोषणा चालू होती.

"मला कुठेही जायला ते वापरवेनात," तो म्हणाला. "पॉइंट देता येतात त्या संस्थांच्या यादीत तुमच्या इस्पितळाचं नाव दिसलं. नको असतील तर परत जाऊ दे. मी काही म्हणणार नाही."

तीन वर्षं मनातल्या मनात ती त्याला जे जे ऐकवत आली होती, त्यातलं एकही वाक्य तिच्या तोंडी येईना. तिने फोन बंद केला आणि तशीच बसून राहिली. गल्लीच्या तोंडापासून आईच्या पलंगापर्यंत किती पावलं असतील, ती मोजत होती. औषधांचं दुकान, पिठाची गिरणी, फाटक, दोन जिने. फार तर दीडशे.

ती वर आली तेव्हा बाराला दहा कमी होते. दारापाशी चौदा नंबरची बाई उभी होती. आज तिने काही विचारलं नाही, नुसती बाजूला झाली.

तिकीटताई खुर्चीवर बसली. पडद्यावर ते नाव तसंच होतं. तिने 'स्वीकारा' दाबलं. मग पाण्याचा ग्लास घेतला आणि तो अर्धा पिऊन खाली ठेवला.

"मुलाचं ओळखपत्रावरचं नाव सांगा," ती बाईला म्हणाली. "अक्षरन् अक्षर बरोबर हवं."

दात्याला जाणाऱ्या आभाराच्या पत्राचा मजकूर ठरलेला होता. 'आदरणीय महोदय, आपल्या औदार्यामुळे' अशी सुरुवात. तिने नाव भरलं, पत्ता भरला. 'आपल्या औदार्यामुळे' हे दोन शब्द खोडले. ती जागा कोरी ठेवून तिने पत्र हेडक्लार्कांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते वाचलं, काही न विचारता सही केली आणि पाकिटात घातलं.

तीनच्या सुमाराला ती तिकिटाचा कागद घेऊन वॉर्डात गेली. एरवी ती शिपायाबरोबर पाठवून द्यायची. बाई नवऱ्याच्या उशाशी स्टुलावर बसली होती. त्याचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा पिवळा पडला होता.

"मुलाला फोनवर सगळं कळवलंय," तिकीटताई म्हणाली. "उद्या सकाळी नऊ चाळीसला उतरेल. तिथून इथे यायला एक तास धरा."

"म्हणजे अकरापर्यंत यांना धरून ठेवायचं," बाई म्हणाली. तिने कागदाची घडी केली, मग पुन्हा उघडून बघितली. "कुणी दिलं हे?"

दात्याचं नाव सांगायचं नसतं. तसं विचारलं की तिचं उत्तर तयार असायचं. आज तिने ते दिलं नाही.

"एका माणसाने. आईच्या नावाने दिलंय."

"आजारी होती त्याची आई?"

"हो. बरेच दिवस."

"मग तो पोचला असेल ना वेळेवर," बाई म्हणाली. "एवढा विमानातून फिरणारा माणूस."

वॉर्डात दुसऱ्या टोकाला कुणीतरी खोकत होतं. तिकीटताईने पलंगाची दांडी धरली.

"हो," ती म्हणाली. "पोचला होता."

बाईने समाधानाने मान हलवली. मग ती नवऱ्याच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "नऊ चाळीस." त्याने डोळे उघडले नाहीत. तिने पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने.