चोवीसातली सहा, सातातली सहा

तेजस्विनीला टक्केवारी जमायला लागली आणि सगळ्या वस्तीचं डोकं उठलं. सातवीपर्यंत ही पोरगी शेकडेवारीचा तास आला की पोट धरून घरी पळायची. आठवीत नव्या बाई आल्या, त्यांनी फळ्यावर मोठ्ठं लिहिलं, 'भाग भागिले पूर्ण, गुणिले शंभर', आणि हिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मग काय! देवळाली कॅम्पच्या बसमध्ये किती टक्के लोक उभे आहेत, आईच्या किती टक्के भाकरी करपल्या, दुकानदार गोटीरामकाकाच्या तोंडात किती टक्के दात उरलेत, बाईसाहेबांचं सुरूच.

"बत्तीसातले वीस! साडेबासष्ट टक्के. पहिल्या वर्गात पास झालात, काका!"

"आवरा रे हिला कुणीतरी," गोटीराम ओरडायचा, "न्हाईतर हिच्या पायी मी उरलेलेबी पाडून घेईन."

तेव्हा कुत्र्यांचा प्रश्न निघाला आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या, यात नवल नव्हतं.

वस्ती दारणेच्या काठची. मधून डांबरी रस्ता. अलीकडे विहार, गोटीरामचं दुकान आणि बरीचशी पक्की घरं. पलीकडे मोजकीच घरं, आणि त्यांच्या पाठीला लागून ऊस, दोन पुरुष उंच, थेट नदीपर्यंत. तोड अजून लागली नव्हती. दिवाळी झाली आणि वस्तीतलं एकेक कुत्रं दिसेनासं व्हायला लागलं. पहिला गेला तो टायगर. तेव्हा पोरं खिदळली होती, बिबट्यानं वाघ खाल्ला म्हणून. मग डॉन गेला. मग लंगडी सुंदरी. मग कुणी हसेना.

उसाला अगदी चिकटून होतं ते तेजूच्या धम्मपालकाकाचं घर. घर कसलं, पत्र्याची शेड. शेजारी घरकुलाच्या भिंती छातीपर्यंत येऊन थांबलेल्या, आणि शेडला दाराच्या जागी नुसतं गोणपाट. आत काका, अंजलीकाकू आणि चार वर्षांचा संघर्ष. वनखात्याचा पिंजरा येईपर्यंत अलीकडे तेजूच्या घरी राहायला जाऊ, म्हणून काकू रोज काकाच्या मागे लागायची.

"ऊसतोडीवाले उसातच झोपत्यात," काका म्हणायचा. "त्यांच्या खोपीला काय लोखंडी दारं असत्यात?"

गुरुवारी संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बैठक बसली. पलीकडच्या बाजूला शेकोट्या लावायच्या का, पाळीनं राखण करायची का, धम्मपालचं बिऱ्हाड हलवायचं का, हे ठरवायचं होतं. वस्तीतले सगळ्यात वडील भिमाजीआजोबा. त्यांनी विचारलं, "समदी मिळून कुत्री व्हती किती?"

पोरांनी नावं घेत घेत मोजली. चोवीस. त्यातली गेली सहा.

"तेजू, सांग बाळा. लय गेली का थोडी?"

तेजूनं ओढणी नीट केली, घसा साफ केला. एवढ्या माणसांसमोर ती आयुष्यात पहिल्यांदा उभी राहत होती आणि तिला अजिबात भीती वाटत नव्हती.

"सहा भागिले चोवीस, गुणिले शंभर. पंचवीस टक्के!"

"मंजे चार आणे," गोटीराम म्हणाला. "हात्तिच्या! एवढी तर वर्षाला गाड्यांखाली जात्यात. बारा आणे शाबूत हायेत की."

ओट्यावरचे खांदे सैल पडले. कुणीतरी तंबाखू मळायला घेतली. शेकोट्या, राखण, बिऱ्हाड, सगळंच रविवारवर गेलं. काका हसत काकूकडे वळला. "ऐकलंस? आपल्याच पुतणीनं हिशेब काढलाय. पंचाहत्तर टक्के राखणदार जागेवर हायेत."

 काकूनं चांगल्या चालत्या पोराला कडेवर उचललं आणि रस्ता ओलांडून निघून गेली. तेजूला जरा रागच आला. निदान शाबास तरी म्हणायचं होतं!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तेजू बसमधून फाट्यावर उतरली. हिवाळ्यातलं ऊन, पिवळं पडून उसाच्या शेंड्यांवर टेकलेलं. देवळालीच्या बाजूला तोफांचा सराव चालू होता. वस्तीत त्याचं कुणालाच काही नाही. मांडणीवरचे कप खडखडले तरी बायका मान वर करत नाहीत. कुत्र्यांना मात्र अजून सवय झालेली नाही. दर धमाक्याला ती बोंब मारतात.

धडाम.

डावीकडून भुंकण्याचा एकच गिल्ला उठला. तेजू दोन पावलं चालली आणि थांबली. काहीतरी कमी होतं. रस्त्याच्या मधून चालताना दोन्ही कान किटायचे, इतका गोंधळ व्हायचा. आज उजव्या कानात नुसती उसाची सळसळ होती.

पुन्हा धडाम. उजवीकडून एकच आवाज आला, बारीक, केविलवाणा. काकाची कुत्री, राणी.

दुकानासमोर अलीकडची कुत्री रस्त्याच्या कडेला उभी राहून गळा काढत होती. एकानंही डांबरावर पाय टाकला नव्हता. टाकणारच नाहीत. रस्ता ही त्यांची शीव. तिकडचं इकडे आलं की फाडून काढतात, आणि इकडचं तिकडे जात नाही. हे तेजू लहानपणापासून बघत होती.

तिनं गेलेल्यांची नावं परत घेतली. टायगर, डॉन, सुंदरी, पिंट्या, भुऱ्या, चिंगी. सगळी पलीकडची. अलीकडचं एकही नाही. आणि पलीकडे होती तरी किती?

सात.

सहा तर सहाच होती, भाग काही बदलला नव्हता. चुकलं होतं ते पूर्ण. सहा भागिले सात. कागदपेन्सिल लागलीच नाही. आकडा आपसूक समोर येऊन उभा राहिला. जवळजवळ शहाऐंशी टक्के.

 काल तिनं मोठ्या तोऱ्यात सतरा कुत्री काकाच्या घरावर पहाऱ्याला बसवली होती. आणि ते सतरा पहारेकरी इथे गोटीरामच्या दुकानासमोर खारीचे तुकडे शोधत होते.

ती पळत सुटली. दप्तर पाठीवर दणदण आपटत होतं. काका शेडपुढे विटांवर पाणी मारत होता.

"काका, आत्ताच्या आत्ता आमच्याकडे चला. सगळे."

"का गं मास्तरीण? किती टक्के घाबरलीस?"

"मस्करी नको ना! माझं चुकलं काल. मी चोवीसनं भागलं."

"मग? चोवीसच हायेत की."

"दुकानाकडची कुत्री रस्ता ओलांडून इकडे येतात का कधी? तुम्हीच सांगा."

"ती कशाला येतील? इकडं येऊन काय मरायचं..." काका बोलता बोलता थांबला. पाण्याचा मग तसाच हातात राहिला.

"इकडची फक्त सात होती, काका. त्यातली सहा गेली. शंभरातली शहाऐंशी. बिबट्याला दुकानाकडच्या कुत्र्यांशी काही देणंघेणंच नाही. तो एकेका घरामागचं कुत्रं उचलतोय, आणि आता तुमच्याच दारात आलाय."

काकाच्या कपाळावर आठी पडली. "राणी हाय ना अजून," तो म्हणाला, पण आवाजातला रुबाब गेला होता. त्यानं हाक मारली. "राणे! यू यू यू!"

काही नाही.

"राणे!"

काकू चुलीपुढून उठून बाहेर आली. "आत्ता तर भुकत व्हती," ती म्हणाली. "संघर्ष गेलाय की मागं, तिला भाकर द्यायला."

 तिघंही शेडला वळसा घालून मागे धावली.

संघर्ष अर्धवट भिंतीच्या पलीकडे उभा होता, उसापासून चार हातांवर. हातात भाकरीचा चतकोर. उसाकडे तोंड करून तो लाडीगोडीनं म्हणत होता, "ये ना गं राणी. लपू नको ना."

वारा पार पडला होता. सगळा ऊस चित्रासारखा उभा, आणि एकाच ठिकाणचे शेंडे हलत होते.

काकानं ओरडणाऱ्या काकूच्या तोंडावर हात ठेवला. पावलं न वाजवता तो पुढे गेला, पोराला एका हातानं छातीशी उचललं आणि तसाच मागे सरकत आला, उसावरची नजर न काढता.

"पाठ फिरवू नका," तो पुटपुटला. "पळूबी नका."

"राणी कुठंय?" संघर्षनं विचारलं.

तेजूला उत्तर माहीत होतं. सातातली सात. आयुष्यात पहिल्यांदा तिला टक्केवारी सांगावीशी वाटली नाही.

"चूल पेटती हाय," काकू रडवेल्या आवाजात म्हणाली.

"पेटू दे," काका म्हणाला.

पाय मागे टाकत टाकत ते शेडच्या बाजूनं सरकत रस्त्याकडे आले. उसाचे शेंडेही त्यांच्या बरोबरीनं हलत शेताच्या कडेपर्यंत आले, आणि थांबले.