दोन रेघांचा महाराज

"आली! दुसरी रेघ आली! बोला, आई राजा—"

"उदो उदो!"

धारूरच्या घाटाखाली आमच्या वाडीचा माळ आहे. त्या माळावरच्या पत्र्याच्या शेडात दर मंगळवारी ही आरोळी उठायची. आत रेघमहाराज बसायचा. हे नाव त्याला लोकांनी दिलं, कारण त्याचा चमत्कार मेडिकलवर मिळणाऱ्या गरोदरपणाच्या पट्टीवर उमटायचा. मूल होत नसलेल्या बाईनं बाटलीत लघवी आणायची. महाराजाचा चेला ती बाटली देवीच्या पायाला लावायला पडद्याआड न्यायचा, मग बाहेर आणून सगळ्यांसमोर पट्टीवर थेंब टाकायचा. एक रेघ म्हणजे काही नाही. दोन रेघा म्हणजे दिवस गेले.

"बाकीचे बाबा अंगारा देतात," महाराज माईकवर गरजायचा, "आपण रिपोर्ट देतो! सायन्स देवीच्या दारात पाणी भरतं, माउली!"

पुढं पाळी आली की तीच बाई रडत परत यायची. मग हा डोळे मिटायचा. "गर्भ होता. नजर लागली. कुणाची, ते घरातच बघ." म्हणजे फसवायचं, आणि वरून जावा-नणंदांत आग लावून द्यायची. हरामखोर कुठला!

माझं नाव पंडित. शाळा सातवीत सुटली, वाचनाचा नाद सुटला नाही. पडद्याआड लघवी बदलतात हे मला कळत होतं, पण बोललं की लोक अंगावर यायचे. तेवढ्यात योगिता माझ्याकडं आली. मेंढरं राखणाऱ्या सटवाबप्पाची ही सून, रामेश्वरची बायको. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, आणि सगळा दोष हिच्या माथी.

"पंडितदादा, माझी पाळी चालू हाय. अन् आत्या म्हणत्यात चल, रेघ काढून आणू. काय करू?"

"जा की. फक्त बाटलीत नवऱ्याची भर."

शेजारी उभा रामेश्वर पोट धरून हसला. "मलाच दिवस गेले तर, दादा?"

मंगळवारी बाटली पडद्याआड गेली, बाहेर आली, थेंब पडले. दोन रेघा! योगिताची सासू चतुराबाई रडतच महाराजाच्या पायावर कोसळली. मी उडी मारून स्टेजवर चढलो.

"थांबा! ही बाईची न्हाई, गड्याची लघवी हाय. विचारा रामेश्वरला!"

पण महाराज कसला वस्ताद! माईक तोंडाला लावून म्हणाला, "मग आईनं गड्याला गर्भ दिला! आईला काय अवघड हाय?"

याची तयारी मी करून गेलो होतो. खिशातून दुसरी पट्टी काढली. "ही मी धारूरहून आणली. रामेश्वर, शेडामागं जा, ताजी घेऊन ये. पडद्याआड काही जाणार न्हाई. बघू तुमचा गर्भ."

रामेश्वर चहाचा कप भरून घेऊन आला. मी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत थेंब टाकले. एक रेघ उमटली. मी भाषणाला तोंड उघडलं, आणि त्याच्या शेजारी दुसरी रेघ उमटली. आधी फिकी. मग लालभडक.

माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

मग जो गदारोळ उठला तो विचारू नका. बायांनी रामेश्वरची ओटी भरली. रामेश्वरचा दोस्त पप्पू त्याला रोज चिडवायचा, "छाती लई फुगलीय बे, बायकोचं झंपर घाल." तोच आता हात जोडून म्हणाला, "म्हणून छाती भरलीय! दूध उतरतंय!"

एकच माणूस खुश नव्हता. महाराज. त्याचा चेहरा परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेसारखा झाला होता. आपली रेघ खोटी हे त्याला माहीत होतं, पण माझ्या पट्टीवरची खरी होती. पण धंदेवाईक माणूस, माझ्याआधी सावरला. "याला आता कुणी हात लावायचा न्हाई! डाक्टर न्हाई, सुई न्हाई. नऊ महिने देवीच्या दारात बसवा. चाकू लागला तर वाडी जळंल!"

मी बाहेर आलो आणि डोकं धरून बसलो. गडी गरोदर राहत नाही. पट्टी खोटी नाही. म्हणजे मला माहीत नसलेलं तिसरं काहीतरी आहे. अशा वेळी दोनच वाटा असतात, हात जोडायचे नाहीतर जाणत्याला विचारायचं. मी अंबाजोगाईला ओळखीच्या डॉक्टर प्रियदर्शनींना फोन लावला. वाटलं, बाई हसतील. त्या हसल्या नाहीत.

"त्याची छाती फुगलीय का?"

"हो."

"आजच घेऊन या. उद्या नको, आज."

पण आणायचा कसा? रामेश्वर शेडातच देवीपुढं गळ्यात हार घालून पाटावर बसला होता, आणि चतुराबाई दारात आडवी. "माझ्या लेकाच्या पोटी देव आलाय! खबरदार कुणी नेलं तर!" मी दोन शब्द बोललो तर पप्पूनं माझी कॉलर धरली.

शेवटी योगिता पुढं झाली. तिनं हार तोडला आणि नवऱ्याचं मनगट धरलं. "उठा. मला नवरा पायजे, देव न्हाई."

तो उठला. सटवाबप्पा आमच्या मागून चालत आला.

दवाखान्यात रामेश्वर आक्रसला. "बाईमाणसासमोर?"

"तुझ्यासमोर डॉक्टर उभीय. नाडी सोड," प्रियदर्शनी म्हणाल्या.

उजवं वृषण सुजलं होतं. त्यांनी खोलीत अंधार केला आणि मागून टॉर्च लावली. "आत नुसतं पाणी साचलं असेल तर उजेड लालसर होऊन आरपार येतो. इथं येत नाही. गाठ भरीव आहे, दगडासारखी. कधीपासून?"

"लई दिवस झाले. दुखत न्हाई, नुसतं जड वाटतं. दुखत न्हाई म्हणून कुणाला बोललो न्हाई. अन् बोलावं कसं?"

"दुखलं असतं तर पळत आला असतास. न दुखणारी कडक गाठ, तिलाच जास्त घाबरायचं."

सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. वृषणाचा कॅन्सर. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पंडितराव, पट्टीला मूल कळत नाही. तिला लघवीतलं एक द्रव्य कळतं. पोटात गर्भ असला की त्याची वार ते द्रव्य तयार करते. वृषणाच्या काही गाठीही नेमकं तेच तयार करतात. छाती फुगली ती त्यानंच. कदाचित मूल होत नव्हतं तेही यामुळंच."

योगितानं मान खाली घातली. चार वर्षांचे टोमणे तिच्या खांद्यावरून उतरताना मी पाहिले.

"मरंल का माझा लेक?" सटवाबप्पानं विचारलं.

"गाठ फक्त वृषणात असेल तर जवळजवळ सगळे बरे होतात. पोटातल्या लसिकाग्रंथींपर्यंत गेली असली तरी औषधांनी बहुतेक बरे होतात. यकृतात, मेंदूत पोचली की मग अवघड. काढून तपासली की जात कळेल, नसांत शिरलीय का ते कळेल. त्या महाराजाकडं नऊ महिने बसला असता तर मला हे असं सांगता आलं नसतं."

"काढायचं?" रामेश्वर किंचाळला. "मला खच्ची करता काय?"

तेव्हा सटवाबप्पा पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. "गप बे! जन्म गेला माझा मेंढरं खच्ची करण्यात. दोनी गेले तर खच्ची. आपल्या तांबड्या मेंढ्याचं एक कुत्र्यानं तोडलतं, ध्यानात हाय का? त्याच्यामागं कळपात पिल्लं कुणाची झाली? सही कर."

त्यानं सही केली. जांघेतून वृषण काढलं. गाठ दोन-तीन जातींची मिसळ निघाली, पोटातल्या लसिकाग्रंथी थोड्या वाढल्या होत्या. केमोची औषधं चढली. केस गेले, भुवया गेल्या, रामेश्वर ओकून ओकून काडी झाला. इकडं महाराज माईकवर, "देवीचा गर्भ कापला! बघा, कसा झिजून मरतोय!" आणि चतुराबाई घरी सुनेशी बोलेना.

रक्तातला त्या द्रव्याचा आकडा मात्र दर तपासणीला उतरत गेला, आणि शेवटी निरोगी माणसाइतका झाला. त्यानंतरच्या मंगळवारी योगितानं सासूला म्हटलं, "चला आत्या, बाटली घेऊन जाऊ."

शेड भरलेलं. बाटली पडद्याआड गेली, बाहेर आली, थेंब पडले. दोन रेघा!

"आई राजा—"

"उदो उदो!"

योगितानं चेल्याच्या हातातला माईक ओढला. "त्या बाटलीत आमच्या विहिरीचं पाणी होतं."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "महाराज, विहिरीला कितवा महिना?"

हसण्यानं पत्रे वाजले. रामेश्वरनं पडदा ओढून पाडला. आत महाराजाची स्वतःची सून तेजश्री बसली होती. पोट चांगलं पुढं आलेलं, पुढ्यात तिच्याच लघवीच्या बाटल्या. ती उठलीसुद्धा नाही. "बरं झालं बाई," ती म्हणाली, "पाणी पिऊ पिऊ जीव गेला माझा."

महाराज मागच्या दारानं निघाला होता. पप्पूनं या वेळी योग्य कॉलर धरली. पोलिसांत तक्रार मी दिली.

मग रामेश्वरनं कप भरून आणला आणि नवी पट्टी आईच्या हातात दिली. थेंब टाकले. एक रेघ आली. चतुराबाई पट्टी डोळ्यांजवळ धरून दुसरीची वाट बघत राहिली, ती येऊ नये म्हणून. आली नाही. तिनं पट्टी पदरात बांधली आणि सुनेला म्हणाली, "चल घरी. तू सकाळपासून जेवली न्हाईस."

रामेश्वरची तपासणी अजून काही वर्षं चालेल. मूल होईल की नाही, ते आज कुणी सांगू शकत नाही. जो छातीठोक सांगेल तो चोर समजा.

आता गड्यांनो, तुमच्याशी बोलतो. अंघोळ करताना कधी कधी दोन्ही वृषणं हातानं चाचपून बघा. कडक गाठ लागली, जड वाटलं, तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. डॉक्टरासमोर नाडी सोडायची लाज वाटते म्हणता? बायकोच्या मुताची बाटली भर माणसांत माईकवर नाचवत होते, तेव्हा कुठं गेली होती ही लाज?