सात नंबरचा फीडर

आमच्या हॉस्पिटलची वीज जिच्या हातात होती, तिला सगळे फ्यूजताई म्हणायचे. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नाही, पण ते तिला दोन्ही अंगांनी शोभायचं. वॉर्डातला दिवा गेला की तिला हाक मारायची आणि तिच्याशी खोटं बोललं की तिचाच फ्यूज उडायचा. पन्नाशीची, बुटकी, चालताना कमरेच्या पट्ट्यातला टेस्टर हलायचा. वीज पर्यवेक्षकाचा परवाना सबंध हॉस्पिटलात तिच्याच एकटीकडे होता, म्हणून विजेच्या कुठल्याही कागदावर तिची सही लागायची. पुढचं सगळं त्या सहीवरूनच झालं.

मी तिथे एमआरआय मशीन चालवतो. लोकांना वाटतं, मशीन म्हणजे ती ढोलासारखी नळी आणि आतला खडखडाट. खरं मशीन म्हणजे आतला चुंबक, आणि तो द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवलेला असतो. शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंश. तितक्या थंडीतच तो चुंबक काम करतो. बाजूच्या खोलीतला एक कॉम्प्रेसर दिवसरात्र धडधडत तो गारवा राखतो. कॉम्प्रेसर थांबला की हेलियमची हळूहळू वाफ होते आणि नळीवाटे गच्चीवरून आभाळात जाते. गेलेला हेलियम परत येत नाही. नवा मागवायचा तर महिनोन् महिने वाट पाहावी लागते, कारण तो जगात मोजक्याच ठिकाणी जमिनीतून निघतो आणि मागणारे ढीगभर.

त्या वर्षी वीज कंपनीने सुधारणा काढली. सबस्टेशनमधून शहराच्या एकेका भागात वीज नेणारी मोठी लाइन म्हणजे फीडर. फीडरवर किती युनिट सोडले आणि त्याच्यावरच्या गिऱ्हाइकांच्या मीटरांनी किती मोजले, यातला फरक म्हणजे गळती. ज्या फीडरची गळती जास्त, त्याची वीज रोज दोनदा तीन-तीन तास बंद. आमचा सात नंबरचा फीडर यादीत सगळ्यात वर होता, गळती एक्केचाळीस टक्के. त्याच्यावर आमचं हॉस्पिटल आणि मागची वस्ती. शिंपी, पंखे दुरुस्त करणारे, कपडे धुऊन इस्त्री करून देणारे, अशी हातावर पोट असलेली माणसं. कंपनीने पत्रकात सरळ लिहिलं होतं की वस्तीतल्या चोरट्या वापरामुळे ही वेळ आली आहे.

फ्यूजताई त्याच वस्तीत राहायची, थोरल्या बहिणीच्या शेजारी.

हॉस्पिटलात जनरेटर होता, पण तो ऑपरेशन थिएटर आणि अतिदक्षता विभागापुरताच. एमआरआयचा कॉम्प्रेसर त्याला पेलत नव्हता. मोठा जनरेटर मिळावा म्हणून ताईने दोनदा अर्ज केले होते, दोन्ही कुठल्यातरी टेबलावर झोपी गेले. रोज सकाळी नऊला आणि दुपारी तीनला आमच्या खोलीतली धडधड थांबायची आणि मी हेलियमची पातळी दाखवणाऱ्या काट्याकडे बघत बसायचो. कपात सुरू झाली तेव्हा हेलियम अठ्ठ्याहत्तर टक्के होता. दर दोन दिवसांनी एक टक्का उतरायचा. पन्नासला मशीन बंद करायचं, असा नियम होता.

काटा पासष्टवर आला तेव्हा अधीक्षकांनी आम्हा दोघांना बोलावलं. वाईट माणूस नव्हता, पण वरून आलेल्या प्रत्येक शब्दाला मान डोलवायची सवय लागलेली. त्यांनी वीज कंपनीशी बोलून तोडगा काढला होता: हॉस्पिटलसाठी वेगळी लाइन. त्यासाठी एक अर्ज तयार होता, त्यावर माझी आणि ताईची सही हवी होती. मी वाचला आणि सही केली. खरं सांगतो, मला माझं मशीन वाचवायचं होतं, बाकी काही दिसत नव्हतं.

ताईने कागद वाचला, परत ठेवला आणि म्हणाली, "यात लिहिलंय की मागच्या वस्तीतले लोक वीज चोरतात आणि हे मी तपासून सांगतेय. मी तपासलेलं नाही."

अधीक्षकांनी समजावलं की ती नुसती भाषा आहे, कंपनीला तशीच लागते. ताई म्हणाली, भाषा बदला, मग करते. ते म्हणाले, कंपनी बदलू देत नाही. मग त्यांचा आवाज जरा चढला. मशीन बंद पडलं तर जबाबदार कोण, असं त्यांनी विचारलं.

"साहेब, माझ्या शेजाऱ्यांना चोर ठरवून तुम्हाला लाइन मिळेल. त्यांना मात्र रोजचे सहा तास कायमचे चिकटतील. ही सही माझ्याकडून होणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात मेमो पडला. हॉस्पिटलच्या हिताविरुद्ध वर्तन केल्याबद्दल कारवाई का करू नये, सात दिवसांत खुलासा द्या. तिने तो चार घड्या करून टेस्टरशेजारी खोचला आणि मला म्हणाली, "चल, गच्चीवर. तुझ्या वायूची नळी बघू."

ती नळी तपासणं माझंच काम. तोंडाशी घरटं किंवा कचरा अडकला तर आतला दाब वाढतो. आम्ही वर पोचलो आणि नऊ वाजले. खाली कॉम्प्रेसर थांबला, वस्तीतल्या शिलाई मशिनी एकदम गप्प झाल्या. मी नळीत डोकावत होतो. ताई मात्र दूर, रुळांपलीकडे बघत होती. तिथे बर्फाचा कारखाना होता. त्याच्या आवारातून काळ्या धुराचा लोट उठला.

"तो त्यांचा जनरेटर," ती म्हणाली. "आपली वीज गेल्यावर तो का सुरू झाला?"

मला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिने सांगितलं की बर्फाचा कारखाना नऊ नंबरच्या फीडरवर आहे, कंपनीच्याच यादीत तसं छापलंय, आणि नऊवर कपातच नाही. नऊ नंबरची गळती दोन टक्के. कंपनी त्याला आदर्श फीडर म्हणून मिरवत होती. मोठ्या साहेब लोकांची घरं त्याच्यावर होती.

आम्ही आठ दिवस रोज दोनदा गच्चीवर गेलो. सोळाच्या सोळा वेळा, वीज जाताच मिनिटाभरात धूर. म्हणजे कारखाना वीज ओढत होता सात नंबरवरून आणि त्याचे युनिट कागदावर मोजले जात होते नऊ नंबरच्या खात्यात. सातवरून गेलेली वीज कुठे दिसत नव्हती, म्हणून आमची गळती फुगलेली. कोणी काही चोरलं नव्हतं.

ताईच्या बहिणीचे यजमान त्याच कंपनीतून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. ती त्यांच्याकडे गेली, मीही सोबत होतो. तिने धुराचं सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले की सहा वर्षांपूर्वी नऊची केबल जळाली होती. कारखान्यातला बर्फ वितळेल म्हणून कंपनीतल्या तेव्हाच्या साहेबांनी तोंडी हुकूम दिला आणि फाटकासमोरच्या खांबावर त्यांनी स्वतः कारखान्याची लाइन सातला जोडली. चार दिवसांसाठी. केबल दुरुस्त झाली, साहेबाची बदली झाली, ते स्वतः निवृत्त झाले, आणि ती जोडणी कोणी उलटी केलीच नाही.

"विसरलोच मी," ते म्हणाले. "आणि आपल्याच दारात अंधार आणला."

ताई त्यांच्यावर चिडली नाही. तुमचं नाव कुठे येऊ देणार नाही, एवढंच ती म्हणाली.

तिने कंपनीच्या कार्यालयात तीन फेऱ्या मारल्या. पहिल्यांदा अभियंता रजेवर होता, दुसऱ्यांदा बैठकीत. तिसऱ्यांदा भेटला आणि त्याने सांगितलं की यादी संगणकावर आहे, संगणक चुकत नाही. तोवर काटा पन्नासला टेकला आणि मी मशीन बंद केलं. त्या दिवशी यादीत अकरा पेशंट होते. एका म्हाताऱ्या शिक्षिकेला मी दुसऱ्या शहराचा पत्ता लिहून दिला, चार तासांचा रस्ता. तिने आभार मानले. मी ताईकडे गेलो आणि माझी सही मला अर्जावरून परत घ्यायची आहे, असं सांगितलं. ती म्हणाली, मला नको सांगूस, साहेबांना सांग. मी सांगितलं. मलाही मेमो मिळाला.

पुढच्या आठवड्यात वीज नियामकाची जनसुनावणी होती. कंपनीला ही सुधारणा आणखी तीन वर्षं चालवायची होती. सभागृह भरलेलं, समोर अध्यक्षबाई, बाजूला कंपनीचे अधिकारी. ताईची पाळी अडीचच्या सुमाराला आली. तिने हेलियमपासून सुरुवात केली. कंपनीच्या मोठ्या अधिकाऱ्याने हसून विचारलं, फुग्यात भरतात तोच वायू ना?

"तोच," ती म्हणाली. "फुग्यात भरतात, खोल समुद्रात उतरणाऱ्यांच्या श्वासात मिसळतात, प्रयोगशाळेत बारीक गळती शोधायला वापरतात. आमच्याकडे त्यानेच डोक्यातली गाठ दिसते. वीज तुम्ही उद्या पुन्हा तयार कराल. हा उडून गेला की गेला. तुमच्या कपातीने अठ्ठावीस टक्क्यांच्या वर उडवला."

मग तिने धुराच्या सोळा नोंदी वाचल्या. अभियंता उठून म्हणाला, धूर हा काही पुरावा नाही. ताईने घड्याळाकडे पाहिलं.

"तीनला वीस मिनिटं कमी आहेत. तीनला तुम्हीच सात नंबर बंद करणार आहात. बाईंनी आपला माणूस कारखान्याच्या दारात उभा करावा. मी इथून हलत नाही."

अध्यक्षबाईंनी आपल्या सचिवाला अभियंत्यासोबत पाठवलं. सभागृहातले दिवे वेगळ्या फीडरवर होते, ते जळत राहिले. तीन वाजून दोन मिनिटांनी बाईंचा फोन वाजला. त्यांनी तो माईकसमोर धरला. सचिवाचा आवाज नीट येत नव्हता, कारण त्याच्या मागे जनरेटर घरघरत होता.

ही जोडणी कोणी केली, असं बाईंनी विचारलं. ताई गप्प राहिली. मागच्या रांगेतून तिचे भाऊजी उठले. ती वळून नको म्हणत होती, पण त्यांनी पाहिलंच नाही. ते म्हणाले, "मी केली. हुकूम तोंडी होता, पण हात माझे होते. वस्तीला चोर म्हणू नका." आणि ते उभेच राहिले, कोणी बसा म्हणेपर्यंत.

तीन आठवड्यांत कारखान्याची लाइन नऊवर परत गेली. सातची गळती बारा टक्क्यांवर आली आणि कपात उठली. नऊची खरी गळती सव्वीस निघाली. नियमाप्रमाणे आता तिथे अंधार व्हायला हवा होता. त्याऐवजी चार दिवसांत नियमच स्थगित झाला. भाऊजींची चौकशी झाली, लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी बायकोला वाचून दाखवली आणि फाडून टाकली. आमच्या दोघांच्या मेमोंचं पुढे काही झालं नाही. हेलियम यायला एकोणीस आठवडे गेले. म्हातारी शिक्षिका परत आमच्याकडे आली नाही, तिचं काय झालं ते मला कळलं नाही.

कंपनीने ताईला ग्राहक समितीवर घ्यायचं ठरवलं. ती म्हणाली, येते, पण दर महिन्याला प्रत्येक फीडरवर किती सोडलं आणि किती मोजलं, ते सबस्टेशनच्या फाटकावर फळ्यावर लिहा, कोणालाही वाचता येईल असं. कंपनीने उत्तर दिलं की असं करता येत नाही. ती समितीवर गेली नाही. त्याऐवजी दर महिन्याच्या एक तारखेला ती तीच मागणी लिहून कार्यालयात नेऊन देते आणि पोच घेते. आता वस्तीतले दहा-बाराजण तिच्यासोबत जातात. गेल्या खेपेला आठ नंबरच्या फीडरवरचे चौघे आले होते, आणि त्यांच्यासोबत मी.