डिस्क सांगत नाही

"पुन्हा वाचू दे त्याला," ग्रंथपाल सर म्हणाले.

ताईंनी बटण दाबलं. कॉम्प्युटरमधल्या कोरड्या आवाजाने डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामचा पडद्यावरचा मजकूर परत वाचला: डिस्कची प्रकृती उत्तम, तापमान ठीक, ट्रान्सफर मोड सर्वांत कमी.

सर जन्मापासून अंध. बोलक्या पुस्तकांचं हे ग्रंथालय त्यांनीच उभं केलेलं. माणसांनी येऊन, बसून, खोकले आवरत वाचलेली पुस्तकं जुन्या डिस्कवर साठवलेली होती आणि ती डिस्क आता अधूनमधून टकटक करू लागली होती. म्हणून नव्या आणल्या, तर त्यांची ही तऱ्हा. विश्वस्तांचा निरोप आला होता: शंका असेल तर परत करा, तोवर काम थांबवा.

"नव्या सांगून जुन्याच गळ्यात मारल्या की काय?" सर म्हणाले.

"तसं वाटत नाही, सर."

"मग हा असं का म्हणतो?"

इथल्या मशिनी सांभाळता सांभाळता ताईंचे केस पिकायला लागले होते, पण 'का' असं त्यांना सहसा कोणी विचारत नसे. प्रिंटर अडला की हाक, चालू झाला की सगळ्यांची पाठ. घरी नवराही जेवताना म्हणायचा, "झालं ना चालू? मग कशाला डोक्याला ताप?" तापच होता खरा, पण त्यांना तो आवडायचा.

त्यांनी केबल बदलली. दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. दुसऱ्या मशीनला जोडली. उत्तर तेच. शेवटी त्यांनी एक मोठं पुस्तक नव्या डिस्कवर ठेवलं आणि ते परत घ्यायला किती वेळ लागतो ते पाहिलं.

"सर, गंमत आहे. डिस्क आणि मशीन एकमेकांशी किती वेगाने बोलायचं ते आधीच ठरवून घेतात. तो हा मोड. सर्वांत कमी मोडमध्ये एवढा वेग येऊच शकत नाही. बैलगाडीने निघालेत म्हणे, आणि पोचतायत मोटारीच्या आधी!"

सर खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे कोणीतरी थापा मारतंय. डिस्क तरी, नाहीतर हा प्रोग्राम."

"हो."

"शोधा बाई. आता मलाही चैन पडायची नाही."

प्रोग्राम शहरातल्याच एका माणसाने एकट्याने बनवून सगळ्यांना फुकट दिलेला होता. 'मदत' या शब्दाखाली त्याचा फोन नंबर होता. ताईंनी तो लावला. पलीकडून बाईचा आवाज आला.

"माझा धाकटा भाऊ तो. मागच्या हिवाळ्यात गेला." मग तिनेच विचारलं, "काही चुकलंय का त्याचं?"

"चुकलंय का, तेच बघायचंय," ताई म्हणाल्या.

"मग या की घरी. त्याचं मशीन आहे तसंच आहे."

नवी डिस्क पिशवीत घालून ताई गेल्या. भावाची खोली लहानशी होती, खिडकीशी टेबल, त्यावर कॉम्प्युटर, खुर्चीच्या पाठीवर एक शर्ट. बहीण सत्तरीची, ताठ कण्याची.

"वीजबिलाच्या कचेरीत होता. घरी आला की चहा घेऊन थेट इथे. आम्हाला वाटायचं, पत्ते खेळतो," ती म्हणाली. मग पासवर्ड सांगताना तिला हसू फुटलं. "बिट्टी. मला तोच म्हणायचा तसं, लहानपणी. आता म्हणणारं कोणी नाही."

ताईंना प्रोग्राम लिहिता येत नसे, पण वाचता बऱ्यापैकी येई. त्या एकेका ओळीवर बोट ठेवत पुढे सरकत गेल्या. बहीण मागे उभी राहून विचारत होती, "हे काय? आणि हे?" ताई सांगत होत्या. सांगता सांगता त्यांचं बोट थांबलं.

"इथे तो डिस्कला विचारतो, किती वेगाने बोलतेस? डिस्क एक, दोन किंवा तीन म्हणते. पण काही डिस्क उत्तरच देत नाहीत. मग शून्य येतं. त्याने शून्याचाही अर्थ सर्वांत कमी असाच धरलाय."

"म्हणजे चुकलंच त्याचं."

खोटं बोलणं सोपं होतं. ताईंनी मान डोलावली. "हो. एवढं चुकलं."

बहिणीने वाकून त्या ओळीवर बोट ठेवलं.

"बरं केलंत सांगितलंत," ती म्हणाली. "इतके जण येऊन गेले. सगळे म्हणतात, देवमाणूस होता. हे इथे चुकलंय, असं म्हणायला कोणी आलं नाही. तो असता ना, तर भरलं ताट सोडून उठला असता. कुठे, दाखवा, म्हणून!"

तिने खुर्चीवरचा शर्ट उचलून हातात घेतला. "दुरुस्त होईल?"

"एका ओळीचं काम आहे. पण त्याऐवजी लिहायचं काय?"

"जे आहे ते लिहा. डिस्क सांगत नाही."

ताईंनी तसंच लिहिलं. प्रोग्राम नव्याने तयार करून घेतला, पिशवीतली डिस्क जोडली आणि सरांना फोन लावून पडद्यावरचं वाचून दाखवलं. सर खो खो हसले. "नाही सांगत तर नाही सांगत! वेग तर तुम्ही मोजलाच आहे. विश्वस्तांशी मी बोलतो. तुम्ही या, पुस्तकं हलवू."

डिस्क काढून ताईंनी मशीन बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे जरा," बहीण म्हणाली. "भिंतीपलीकडून हा घुर्र आवाज यायचा. त्यावर झोप लागायची मला."

ताई चपला घालेपर्यंत ती आतून सुईदोरा घेऊन आली होती. भावाच्या खुर्चीत बसून, शर्टाचं सैल झालेलं बटण तिने उजेडाकडे धरलं. ताईंनी दार आवाज न करता ओढून घेतलं.