हुरड्याची स्लाइड

माझे बाबा कापसावरच्या किडींचे फोटो काढायचे. शेतीखात्यात होते ते. गावोगाव जाऊन पांढऱ्या धोतराच्या पडद्यावर रंगीत स्लाइडा दाखवायचे, कोणती अळी कशी ओळखायची ते शेतकऱ्यांना समजावायचे. रोल संपत आला की शेवटचे एक-दोन फोटो आम्हा घरच्यांचे. त्यामुळं आमचं सगळं लहानपण मावा नि बोंडअळीच्या पाठोपाठ, पुठ्ठ्याच्या चौकटींत बसलेलं आहे.

बाबा गेल्यावर ती पेटी माझ्याकडं, जिंतूरला आली. परवा दुपारी लेकीला पाळण्यात घालून जरा टेकले होते, तर दारात पंचफुला. माझी लहानपणची मैत्रीण. आता पालमला शाळेत शिकवते, तिथून एसटीनं आली होती.

"केशर, तुझ्या बाबांनी माझ्या मायचा फोटू काढला व्हता. हुरड्याचा. ध्यानात हाय का?"

ध्यानात नसायला काय झालं!

तिची माय म्हणजे गीतामावशी, आमच्या शेतात कामाला असायची. त्या फोटोत ती हुरडा भाजायच्या आगटीपाशी बसून मला स्वतःच्या हातानं हुरडा भरवतेय. तिच्या मांडीला रेलून पंचफुला. आणि मी नव्या लाल झग्यात.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गाव नि दलितवस्ती एकमेकांशी बोलेनाशी झाली. त्याच दिवसांत ताईला बघायला पाहुणे आले. जेवणं झाल्यावर बाबा स्लाइडा दाखवणार होते. आई हळूच मला म्हणाली, "तेवढी हुरड्याची काढून ठेव गं. गीताच्या हातून खाताना बघितलं, तर पाहुणे उगं नावं ठेवतील."

नुसती काढून ठेवायची होती. पण माझा लाल झगा तेवढ्या एकाच स्लाइडीत होता. मी दहा वर्षांची. टाचणी घेऊन माळवदावर जाऊन बसले आणि त्या दोघींना खरवडून काढलं. वाटलं होतं, तिथं काळोख दिसेल, कुणाला कळायचं नाही. धोतरावर दिवा पडला, तर माझ्या शेजारी दोन पांढरीफटक माणसं!

"हे काय हो, माणिकराव?" पाहुण्यांनी विचारलं.

"कॅमेऱ्यात उजेड शिरला," बाबा म्हणाले आणि पुढची स्लाइड लावली. नंतरही ते मला कधी काही बोलले नाहीत. एक चापट मारली असती, तर बरं झालं असतं.

वर्षभरातच गीतामावशी काविळीनं गेली.

"आमच्याकडं मायचा एक बी फोटू न्हाई," पंचफुला सांगत होती. "माझी पोरगी इचारायलीय, आजी कशी दिसायची म्हणून. काय सांगू तिला?"

मी स्लाइड काढून दिली आणि तोंडातून बाबांचंच वाक्य गेलं, "कॅमेऱ्यात उजेड शिरला होता गं."

तिनं ती खिडकीशी धरली. पांढऱ्या आकृत्यांच्या कडेला बारीक ओरखडे होते, त्यांवर नख फिरवलं.

"उजेडाच्या हातात टाचणी कुणी दिली व्हती?"

"मीच ते केलं," मी म्हणाले. का केलं तेही सांगितलं. झग्याचंसुद्धा.

 लेक कुरकुरली, तर पंचफुलानंच पाळण्याला झोका दिला.

मी घाईघाईनं पेटी उपसली. बोंडअळीच्या कितीतरी स्लाइडांत फांदी धरलेला हात गीतामावशीचा आहे. बाबा म्हणायचे, तिच्याइतका स्थिर हात कुणाचाच नाही. पाच-सहा स्लाइडा तिच्यापुढं ठेवल्या. "ह्या सगळ्या घेऊन जा, पंचे."

"हात घेऊन काय करू गं? हात मला पाठ हायेत. तोंड इसरायलेय मी."

मी स्लाइडा गोळा करायला लागले. मग तीच म्हणाली, "तूच सांग की. खरवडताना लय जवळून बघितलं असशील."

बघितलं होतं.

"हनुवटीवर गोंदण होतं," मी म्हणाले. "तीन टिपके. मी तिथूनच सुरुवात केली होती."

तिनं स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. "हितं?"

"नाही. थोडं खाली."

तिनं बोट खाली घेतलं. "आता नाक कसं व्हतं, ते सांग."