हिमतीचा प्रसंग

पोलीस भरतीच्या मुलाखतीसाठी शेजारचे निवृत्त जमादार श्यामराव चंद्रकलेची तयारी करून घेत होते. "हिंमत दाखवल्याचा एक प्रसंग सांग. खराच पाहिजे."

तिच्याकडे एकच होता. बहिणीच्या अंगावर रॉकेल ओतायला निघालेल्या तिच्या नवऱ्याच्या हातातून तिनं डबा हिसकावला होता.

ती तोच सांगणार हे कळताच बहीण कुंता शहापूरहून आली. "सांगू नोको बाई. मले त्याच घरात राहाचं हाये."

मुलाखतीत चंद्रकलेनं नाव न घेता प्रसंग सांगितला.

"ती बाई आता कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

"त्याच घरात, साहेब."

"नाव सांगा."

तिनं सांगितलं.

संध्याकाळी साहेबांनी पाठवलेल्या दोन शिपायांसोबत ती शहापूरला पोचली. कुंतानं दार उघडलं आणि शिपायांना पाहून ती मागे सरली. "काहून सांगतलं वं?"

चंद्रकलेनं हात धरून तिला उंबऱ्याबाहेर घेतलं.