पहिल्या अंकाचा पिवळा रंग

दातांच्या लॅबमध्ये तिला सगळे ताई म्हणत. एकतीस वर्षं ती कवळ्या करत आली होती. डॉक्टर लोक जबड्याचा ठसा पाठवायचे आणि ताई त्यावरून आधी मेणात, मग पक्क्या मालात माणसाचं हसू उभं करायची. पांढऱ्याच्या सोळा छटा तिला रंगांची पट्टी न बघता ओळखता येत. "दात पांढरे नसतातच गं," ती नव्या मुलींना सांगायची. "पिवळे असतात, करडे असतात. आपण त्यांना पांढरे म्हणतो, एवढंच."

अशा या शहाण्यासुरत्या बाईला बावन्नाव्या वर्षी चुंबकवीरानं पुन्हा झपाटलं.

झालं असं, की बुटाची टाच बसवायला टाकून ती वेळ काढायला शेजारच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरली. तिथल्या एका खोक्यात अगदी वरच 'चुंबकवीर' या जुन्या कॉमिक्सचा चोविसावा अंक पडला होता. लाल मुखवटा, दोन्ही तळहातांत चुंबक, समोरून येणारी आगगाडी नुसते हात पसरून थोपवलेली. लहानपणी ताईकडे असे तीसेक अंक होते. चौदाव्या वर्षी वर्गातल्या मुली हसल्या, तेव्हा रागाच्या भरात तिनं अख्खा गठ्ठा शेजाऱ्यांना देऊन टाकला होता आणि पुढं कितीतरी वर्षं आपल्याला त्याचं काही वाटत नाही असं स्वतःलाच बजावलं होतं.

तिनं अंक उघडला. चुंबकवीराचा जानी दुश्मन डॉक्टर गंज एका लोखंडी पुलावर गंजाचा फवारा मारत होता. ताईला खुदकन हसू आलं. उभ्याउभ्या तिनं सगळा अंक वाचला, मग पहिल्यापासून पुन्हा वाचला. तोवर मोच्याचं दुकान बंद झालं.

"टाच कुठाय?" घरी नवऱ्यानं विचारलं.

"राहिली."

"आणि हे काय?"

"चुंबकवीर."

नवरा औषधांच्या दुकानात कामाला. माणसं कुठल्या वयात काय काय मागायला येतात, हे त्यानं भरपूर पाहिलं होतं. त्यानं अंक उलटसुलट करून बघितला. "बरंय," तो म्हणाला. "या वयात लोक गुडघे सांभाळतात, तू चुंबक सांभाळ."

आठ महिन्यांत एकोणीस अंक जमले. कपाटातल्या चादरींना एक फळी रिकामी करून द्यावी लागली. मग कुणाकडून तरी कळलं, की लाँड्रीच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी कॉमिक्स जमवणारे लोक भेटतात. ताई गेली. दहा-बारा जण होते, बहुतेक तिच्याच वयाचे पुरुष. खोलीत खालून इस्त्रीची वाफ येत होती आणि सगळ्यांनी पांढरे हातमोजे घातले होते. अंक प्लास्टिकच्या पिशव्यांत. बघायचं, पण पिशवीबाहेर काढायचं नाही, असा दंडक.

"मुलासाठी घेता का?" एकानं विचारलं.

"माझ्यासाठी," ताई म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

त्यांच्यात सगळ्यांत जुने होते मास्तर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. चुंबकवीराचे सगळे अंक त्यांच्याकडे होते, फक्त पहिला नव्हता. नऊ वर्षांचे असताना कुणाचा तरी एकदा वाचला होता, तेवढाच. वीस वर्षं ते तो शोधत होते.

ताईच्या आठव्या रविवारी घड्याळं दुरुस्त करणारे एक सभासद पिशवीतून पहिला अंक घेऊन आले. बदल्यात मास्तर 'पाताळपथक'चे पन्नासच्या पन्नास अंक द्यायला निघाले होते. खोका टेबलावर आणून ठेवलाही होता. पहिल्यांदाच अंक पिशवीबाहेर आला आणि मोजे घातलेल्या हातांतून फिरत ताईपर्यंत पोचला.

ती खिडकीजवळ गेली. पान उलटलं, आणखी एक उलटलं. कागदाचा रंग तिला खटकला. आपण काल आलेलो, आपण कशाला तोंड उघडायचं? पण लॅबमधून एकही चुकीचा रंग आजवर तिनं पुढं जाऊ दिला नव्हता.

"मास्तर, जरा थांबा."

तिनं पिशवीतून स्वतःचा चोविसावा अंक काढून शेजारी धरला. "हा बघा. कडेला तपकिरी आणि आत शिवणीकडे फिकट होत गेलाय. हवा बाहेरून लागते, म्हणून जुना कागद कडेकडून पिवळा पडतो. आणि हा पहिला अंक बघा. कडेपासून शिवणीपर्यंत एकच रंग. चहात बुडवून काढल्यासारखा."

घड्याळवाल्यांचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे मी मास्तरांना फसवतोय?"

"छे हो! तुम्हालाच कुणीतरी फसवलंय."

त्यांनी खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. बराच वेळ वाकून पाहत राहिले. खाली इस्त्रीचा फस्स असा आवाज येत होता.

"छपाई नवी आहे," शेवटी ते म्हणाले. "दिवसभर या भिंगातून चक्रांचे केसाएवढे दाते बघतो मी. हे कसं दिसलं नाही?"

"खरा असावा असं वाटत होतं ना तुम्हाला," ताई म्हणाली. "मलाही क्षणभर वाटलं."

मास्तर खोक्यावर हात ठेवून बसले होते. कुणी त्यांच्याकडे बघेना. घड्याळवाले अंक परत पिशवीत घालू लागले, तशी ताई म्हणाली, "अहो, पण मग याला मोजे कशाला?"

"म्हणजे?"

"नकली आहे ना? फाटला तरी काय बिघडतंय? गोष्ट तर तीच असेल. मी तर पहिला अंक कधी वाचलेलाच नाही."

मास्तरांनी मान वर केली. एकेक बोट सोडवत दोन्ही मोजे काढले. बाकीच्यांनीही काढले. खुर्च्या सरकल्या आणि एरवी अंगाला अंग न लावता बसणारी माणसं एका टेबलाभोवती डोक्याला डोकं लावून वाकली.

मास्तर मोठ्यानं वाचू लागले. पहिल्या पानावर चुंबकवीर अजून वीर नव्हताच, भंगारात राबणारा एक सडपातळ माणूस होता. दुसऱ्या पानावर डॉक्टर गंज आला. "तो माझा," घड्याळवाले म्हणाले आणि घसा खाकरून असे काही गडगडाटी हसले, की लाँड्रीवाला जिना चढून वर आला.

"भांडण झालं का काय?"

"नाही, गंज चढलाय," कुणीतरी म्हणालं. मग तोही दाराला टेकून ऐकत उभा राहिला.

चुंबकवीराच्या बहिणीचं बोलणं ताईच्या वाट्याला आलं. आवाज चढवायचा होता तिथं तिनं तो असा चढवला, की लॅबमधल्या मुली ऐकत्या तर चाटच पडल्या असत्या. सातव्या पानावर मास्तर एकाएकी थांबले. वितळलेल्या लोखंडात त्या माणसाचे हात जातात, ते चित्र होतं. नऊ वर्षांच्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"उलटा ना पान," घड्याळवाले कुजबुजले.

"थांबा हो," मास्तर म्हणाले, "बघू द्या जरा."

आणि सगळे थांबले.